काटवल वगळून

आयुष्यात मी फक्त एकालाच जामीन राहिलो, आणि तोही एका वेलाला.

तेव्हा मी अमरावतीच्या एका शाळेत नवा नवा मास्तर झालो होतो. अकोल्याहून एक वळकटी, एक ट्रंक आणि आईनं दिलेली जवसाच्या चटणीची बरणी घेऊन आलो, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून एका घराची मागची खोली बघायला गेलो. घरमालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची. दिवाणी कोर्टात जन्मभर कारकुनी करून पेन्शनीत निघालेले, उंच, किडकिडीत गृहस्थ. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, "मास्तर, तुमाले दया येते का?"

"कोणाची?" मी म्हटलं.

"कोनाचीई. सर्वसाधारन."

"येते."

"मंग या माया मांगं."

परसात एक मांडव होता. त्यावर एक वेल चढलेला, पानांनी गच्च भरलेला, पिवळ्या फुलांच्या कळ्या जागोजागी. मामांनी भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली आणि मला हळूच सांगितलं, "आता मी याले तोडून राह्यलो. तुमी मधात पडा अन् म्हना, मामा, राहू द्या, पुढच्या वर्सी लागन, मी जामीन हाय."

फळ न धरणाऱ्या झाडाला कुऱ्हाड दाखवायची आणि दुसऱ्या कोणी मध्ये पडून त्याची रदबदली करायची, हा म्हाताऱ्या माणसांचा उपाय मी ऐकलेला होता. झाड घाबरतं आणि पुढच्या हंगामाला फळतं, अशी समजूत. मामांनी कुऱ्हाड वर नेली. मी पुटपुटत ते वाक्य म्हटलं.

"मोठ्यानं. त्याले आयकू गेलं पायजे."

मी मोठ्यानं म्हटलं. मामांनी कुऱ्हाड खाली ठेवली, घाम पुसला आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याआधी तिथे पोस्टातला एक कारकून राहायचा. त्याचा जामीन लागोपाठ पाच वर्षं बुडाला म्हणून त्याला खोली सोडावी लागली, हे मला नंतर कळलं.

वेल काटवलाचा होता. पुण्याकडे ज्याला करटोली म्हणतात तेच हे. अंगठ्याएवढं हिरवं फळ, अंगभर मऊ काटे, चवीला किंचित कडसर. श्रावणाच्या सुमाराला मेळघाटातून टोपल्या भरभरून ते खाली येतं, आणि वऱ्हाडात त्या महिन्या-दीड महिन्यात काटवलाची भाजी ज्या घरात झाली नाही त्या घराची लोक चौकशी करतात. आमच्याकडे ते कोणी परसात लावत नाही. जंगलात आपोआप येणारी वस्तू घरी कशाला लावायची, असा साधा विचार. पण मामांनी पेन्शनीत आल्यावर घर बांधलं तेव्हा मेळघाटात धारणीकडे राहणाऱ्या त्यांच्या मेव्हण्यानं वास्तूला म्हणून एक कंद आणून दिला. मामी माहेरी लहानपणी सगळा श्रावण काटवलावर काढत, म्हणून भावानं ते कौतुकानं आणलेलं. मामांनी तो कंद हातात घेतला आणि पाहुण्यांच्या देखत जाहीर केलं, की या घरात आता काटवल शिजेल ते याच वेलाचं, बाजाराचं उंबऱ्याच्या आत येणार नाही.

त्याला मी गेलो तेव्हा आठ वर्षं झाली होती. दर पावसाळ्यात कंद फुटायचा, वेल मांडवभर व्हायचा, संध्याकाळी फुलं उमलायची आणि सकाळी गळून पडायची. काटवल म्हणून एकही लागलं नव्हतं. म्हणजे मामींनी आठ वर्षं काटवल तोंडात घातलं नव्हतं.

मामांनी उपाय करायचे ठेवले नव्हते. ताक घातलं, मासळीचं पाणी घातलं, मांडवाला जुना जोडा टांगला, एका जोशीबुवांना वेलाची पत्रिका मांडायला लावली. जोशीबुवांनी जन्मवेळ विचारली तेव्हा मामा म्हणाले, "पहिलं पान फुटलं ते धरा." शेतकी खात्यातले एक ओळखीचे साहेब येऊन चहा पिऊन गेले. ते कपाशीतले होते.

पण सगळ्यांत विलक्षण प्रकार होता तो सरावाचा.

पहिलं फूल दिसलं की मामा स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायचे आणि मामींकडून काटवलाची भाजी करवून घ्यायचे. काटवल वगळून. त्यांचं म्हणणं असं, की उद्या वेल फळला आणि हात विसरलेला असला तर काय करायचं. मामी निमूटपणे चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सारायच्या, कढईत तेल घालायच्या, मोहरी-जिरं तडतडलं की ठेचलेला लसूण, मग उभा चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की मामा म्हणायचे, "आता काटवल टाक." मामी ओंजळ रिकामीच कढईवर उलटी करायच्या. मग हळद, तिखट, मीठ. वर झाकण म्हणून ताट, ताटात पाणी, कारण या भाजीला आतून पाण्याचा थेंब घालायचा नसतो. काटवल मऊ व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही तिघंही गप्प बसून राहायचो. काय शिजत होतं हे विचारायची सोय नव्हती. शेवटी दाण्याचा कूट आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि भाजी ताटात.

मग ज्वारीच्या भाकरीबरोबर तो तिखट कांदा खात मामा म्हणायचे, "काटवल बरं शिजलं."

मी म्हणायचो, "उत्तम." भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला मतं कमी असतात. मामी काही म्हणायच्या नाहीत. खरं सांगतो, तो कांदासुद्धा असा लागायचा की मी दोन भाकरी जास्त खायचो. त्या बाईंच्या हातात काय होतं कोण जाणे. दूध विरजलं तर सुरीनं कापावं असं दही, आणि साध्या फोडणीच्या वरणाला गल्लीच्या तोंडापर्यंत वास.

आणि त्याच हाताबद्दल मामांनी निकाल देऊन ठेवला होता.

तो प्रसंग मी गल्लीतल्या बायकांकडून ऐकला. तिसऱ्या वर्षीही काटवल लागलं नाही तेव्हा मामा ओट्यावर उभे राहिले, कोर्टात पुकारा करावा तसा आवाज लावला आणि म्हणाले, "जमीन काळी हाय, चांगली हाय. कंद मेव्हन्याचा, खात्रीचा. पानी रोजचं. ऊन भरपूर. राह्यला तो पानी घालनारा हात." पाणी मामी घालत. निकाल लागला, की दोष मामींच्या हाताचा.

मामांच्या दृष्टीनं विषय तिथे संपला. पण आमच्याकडे हातगुण ही साधी गोष्ट नाही. वांग्याचं रोप लावायचं, लोणच्याला पहिलं मीठ घालायचं, नव्या मडक्यात पहिलं विरजण लावायचं, तर ज्या बाईच्या हाताला गुण आहे तिला बोलावतात. मामींना त्याआधी सगळी गल्ली बोलवायची. निकालानंतर बोलावणं बंद झालं. कोणी वाईट बोललं नाही, फक्त बोलावलं नाही. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, आणि तीस वर्षांपूर्वी त्यावरून जे कुजबुजलं गेलं असेल त्याला मामांनी ओट्यावरून आपल्या हातानं दुजोरा दिला होता. हे त्या विद्वान माणसाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. शेजारी लोणच्याची गडबड सुरू असली की मामी त्या दिवशी दार ओढून घेत आणि घरातलीच भांडी पुन्हा घासत. मला मामांचा राग यायचा. मी तो कधी बोलून दाखवला नाही, आणि दर वर्षी वेलाला जामीन मात्र राहत गेलो.

माझ्या तिथल्या चौथ्या पावसाळ्यातली गोष्ट. अंजनगाव सुर्जीकडची एक माळीण आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन गल्लीत यायची. तिच्या टोपलीत काटवल असलं तर मामांच्या घरावरून जाताना टोपली फडक्यानं झाकायची, असा मामांचा हुकूम होता. ती बिचारी इतकी वर्षं झाकून जात होती. त्या दिवशी ऊन लागलं म्हणून तिनं पाणी मागितलं आणि मामींनी तिला मागच्या दारानं परसात घेतलं. मी खोलीच्या पायरीवर वह्या तपासत बसलो होतो. मामा न्हाणीत होते.

माळीण पाणी प्यायली, तोंड पुसलं, वर मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा नर कायले पोसून ठेवला, मामी?"

मामींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. मामा ओल्या पंच्यानिशी बाहेर आले.

"कोन नर?"

"हा वेल, बाप्पा. काटवलात नर येगळा अन् मादी येगळी राह्यते. याले काटवल कसं लागन? गड्याले का लेकरू होते?"

मामांनी वर मांडवाकडे पाहिलं. मग सवयीनं म्हणाले, "पुरावा?"

माळणीनं टोपलीवरचं फडकं काढलं. एक कोवळं काटवल उचललं, त्याच्या टोकाला सुकलेलं फूल अजून चिकटलेलं होतं. "हे पाहा. मादीच्या फुलाच्या मांगंच काटवल बसलेलं राह्यते, बारकं, पयल्या दिवसापासून. आता तुमचं फूल पाहा. नुस्ता दांडा."

मामांनी आपल्या वेलाचं फूल खुडलं. नुसता दांडा. दुसरं खुडलं, तिसरं खुडलं. सगळे दांडे.

"अकरा वर्सं झाली," ते म्हणाले. "तू आठवड्यातून दोनदा या दारावरून जातं. मले काहून नाई सांगतलं?"

"तुमीच तं टोपली झाकाले लावत व्हते," माळीण म्हणाली. "मले वाटे घरात काटवलानं कोनी दगावलं असन."

मी मामींकडे पाहिलं. वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. त्यांनी तांब्या खाली ठेवला, वेलाच्या बुडाशी जाऊन रोजच्यासारखं पाणी घातलं आणि आत गेल्या. त्या वर्षी सरावाची भाजी झाली नाही. मामांनी सांगितलं नाही आणि मामींनी विचारलं नाही.

दुसरा कोणी असता तर त्यानं त्याच दिवशी बायकोची माफी मागितली असती. मामांचं म्हणणं पडलं, की माळणीचं बोलणं हा नुसता जबाब झाला. दिलेला निकाल जबाबावर फिरत नाही. मादी लावावी, फळ यावं, मग फिरवता येईल. मी रागानं म्हटलं, "मामा, आणखी एक वर्ष?" तर म्हणाले, "मास्तर, दिवानी कामात एक वर्स म्हंजे काहीच नाई."

पुढच्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात आम्ही दोघं अंजनगावला माळणीच्या घरी गेलो. मामांनी कोर्टाचा काळा कोट घातला होता, कारण ते मुलाचे वडील म्हणून चालले होते. वेलाला घर वसवून द्यायचं ते रीतीनं, असं त्यांनी ठरवलं होतं. माळीण मोठी खट्याळ बाई. तिनं आम्हाला घोंगडीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि तोंड गंभीर करून विचारलं, "नवरदेव काय करते?"

"मांडवावर राह्यते," मामा म्हणाले. "घर सोडून कोठं जात नाई."

"येसन काही?"

"ताक पेते."

माळणीनं मळ्याच्या कुंपणाशी जाऊन एक कंद खणला, मातीसकट पदरात घेतला आणि मामांच्या पुढ्यात आणला. मामांनी हात पुढे केले तसा तिनं पदर मागे घेतला.

"पोरगी देतो. पन लावाची मामींच्या हातानं."

मामा अडले. "तिच्या हातावर निकाल हाय."

"मंग राहू द्या पोरीले माहेरातच."

कोट घातलेला तो माणूस उन्हात कितीतरी वेळ उभा होता. शेवटी म्हणाला, "बरं. निकाल तहकूब."

लग्न परसात लागलं. अंतरपाट म्हणून माझं उपरणं धरलं होतं, आणि मंगलाष्टकं मलाच म्हणावी लागली, कारण जोशीबुवांनी या कामी स्पष्ट नकार दिला. मामी खाली बसल्या, आळं केलं, कंद ठेवला, दोन्ही हातांनी माती लोटली. मामा अक्षता टाकत होते, त्यातल्या अर्ध्या माझ्या तोंडावर आल्या.

पाऊसकाळ लागला आणि दोन्ही कंद फुटले. त्या वर्षी मामांनी कुऱ्हाड माळ्यावर टाकली. सुनेसमोर बरं दिसत नाही म्हणाले. मादीची पहिली फुलं आली त्या दिवशी संध्याकाळी माळीण मुद्दाम थांबली आणि नराचं फूल मादीच्या फुलावर कसं टेकवायचं ते तिनं मामींना दाखवलं. मामांनी माझा दंड धरला. "मास्तर, चला. आपलं काम नाई इथं." आम्ही दोघं पुढच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसून राहिलो.

पाच काटवलं धरली.

मामा ती रोज सकाळी मोजत. सातव्या-आठव्या दिवशी मामींनी ती तोडली, कारण जून झाली की आतली बी दाताखाली येते. चूल पेटली. मामा पाट टाकून दारात बसले, मी त्यांच्या शेजारी. मामींनी सुरीच्या पाठीनं काटे अलगद खरवडले, विळीवर पातळ, गोल चकत्या केल्या. तेल, मोहरी, जिरं, लसूण, कांदा. कांदा गुलाबी झाला. मामा सांगतील याची वाट न बघता मामींनीच ओंजळ भरून काटवल कढईत सोडलं. चर्र असा आवाज झाला. चार वर्षांत तो आवाज मी त्या घरात ऐकला नव्हता. थोड्या वेळानं तो कडसर वास आला आणि मामा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "पऱ्हाटीचा धूर लई होते."

भाजी झाल्यावर मामी ताटं घेणार, तोच मामा उठले. काळा कोट चढवला. एका वाडग्यात निवडून निवडून सगळं काटवल घेतलं, कढईत निव्वळ कांदा ठेवला, आणि मला म्हणाले, "चला. जिथं निकाल दिला तिथंच फिरवा लागते."

गल्लीतल्या एकेका दारात ते उभे राहिले. बाईला बाहेर बोलवायचे, तिच्या हातावर दोन चकत्या ठेवायचे आणि म्हणायचे, "मी निकाल दिला व्हता का दोष हिच्या हाताचा हाय. निकाल चुकला. दोष हिच्या हाताचा नव्हता." बायका आधी गोंधळायच्या, मग चकती तोंडात टाकायच्या. तिसऱ्या घरची म्हणाली, सोमवारी लोणचं घालायचं आहे, मामींना पाठवा. पाचव्या घरचीनं त्याच दिवशी मिरचीच्या रोपांना बोलावलं, सहाव्या घरचीनं नव्या मडक्यातल्या विरजणाला.

शेवटच्या घरात एक म्हातारी होती, गल्लीतली सगळ्यांत जुनी. तिनं चकत्या हातावरच ठेवल्या आणि मामांकडे रोखून पाहत विचारलं, "कोनत्या गोष्टीत नव्हता दोष?"

मामा थांबले. वेल, कंद, पाणी, असं काहीतरी ते सांगतील असं मला वाटलं. त्यांनी वाडगा दोन्ही हातांत धरला. मग अगदी स्पष्ट म्हणाले, "कोनत्याच गोष्टीत नव्हता."

म्हातारीनं चकत्या तोंडात टाकल्या.

आम्ही परत आलो तर बातमी आमच्या आधीच घरी पोचली होती आणि दार आतून लावलेलं. मामांनी कडी वाजवली.

"कोन हाय?" मामींचा आवाज.

"मी. उघड."

"गल्लीभर सांगून आले म्हनते. मले कवा सांगान?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला झालो. मग त्यांनी टोपी काढली आणि स्वतःच्या घराच्या बंद दारासमोर उभे राहून म्हणाले, "दोष तुया हाताचा नव्हता. मी नऊ वर्सं खोटं बोललो. त्याच्या आधीई कोनी बोललं तं मी गप राह्यलो. चुकलं मायं."

आतून बांगड्या दाराजवळ आल्याचा आवाज झाला.

"पुन्हा सांगा," मामी म्हणाल्या.

मामांनी शब्द न शब्द पुन्हा सांगितला. कडी निघाली. मामींनी त्यांच्या हातातला वाडगा घेतला, तो रिकामा होता, आणि म्हणाल्या, "पाय धुऊन या. मास्तर, तुमीई."

ताटात भाकरी होती आणि कढईतला तिखट कांदा. काटवलाची एक चकतीही कोणाच्या वाट्याला आली नाही. बारा वर्षं जिनं काटवल खाल्लं नव्हतं तिच्याही नाही, आणि हे मामांच्या लक्षात आलं तेव्हा ते घास हातात धरून तसेच बसले. मामींनी त्यांच्या ताटात आणखी कांदा वाढला.

"काटवल बरं शिजलं नं?" मामींनी विचारलं.

"शिजलं," मामा म्हणाले.

"खाऊन घ्या मंग. सोमवारी मले येळ नाई, तीन घरी बोलावनं हाय."